बाहेरून एक खोली, आत सोळा : डब्लिनचा कॅसिनो ॲट मरिनो

गुण्या | मंगळवार, रात्री ९:४०

बागेतल्या छोट्या इमारतींवर इथे मागे चर्चा झाली होती. तेव्हा छत्र्या, बारादऱ्या, कारंज्यांचे मंडप हेच जास्त आलं. हा धागा एकाच इमारतीसाठी काढतोय. युरोपातल्या बाग-इमारतींत इतकी चलाख रचना दुसरीकडे क्वचितच सापडेल.

डब्लिनच्या उत्तरेला मरिनो म्हणून भाग आहे. तिथे जेम्स कॉलफील्ड, म्हणजे चार्लमॉन्टचा पहिला अर्ल, याची मोठी बाग होती. हा गृहस्थ तरुणपणी जवळजवळ नऊ वर्षं इटली, ग्रीस, इजिप्त असा फिरला. रोममध्ये त्याची विल्यम चेंबर्स या वास्तुविशारदाशी ओळख झाली. परत आल्यावर बागेत बसायला-उठायला एक छोटी वास्तू हवी म्हणून त्याने चेंबर्सला सांगितलं. १७५०च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झालं आणि साधारण १७७५पर्यंत चाललं. (नावातल्या कॅसिनोचा पत्त्यांशी संबंध नाही, घरकुल म्हणा.)

लांबून बघितलं तर इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या पांढऱ्या चुनखडी दगडातलं एक मजली रोमन देऊळ. चहूबाजूंनी मिळून १२ डोरिक खांब (डोरिक म्हणजे ग्रीक-रोमन वास्तुकलेतली एक ठरावीक खांबशैली), उत्तरेला एक भलंमोठं दार, बाकीच्या तिन्ही बाजूंना एकेक मोठी खिडकी, माथ्यावर पुतळे आणि कलश, चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर चार सिंह. बाहेरच्या खांबांपर्यंत मोजलं तर जेमतेम ५० फूट बाय ५० फूट. बघणाऱ्याला वाटतं आत एकच उंच दालन असणार.

आत तीन मजले आणि १६ खोल्या आहेत.

तळघरात स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, कोठी, दारूचं तळघर. मधल्या मजल्यावर अर्धघुमटी कोनाड्याची प्रवेशखोली, दिवाणखाना आणि बाजूच्या छोट्या खोल्या. वर नोकरांच्या खोल्या आणि खांबांच्या चौकटीतला पलंग असलेली मुख्य शयनखोली. तळघराला उजेड मिळावा म्हणून इमारतीभोवती खोल चर आहे, तो लांबून दिसत नाही.

लपवाछपवीची यादी थोडक्यात देतो, तपशील जाणकारांनी भरावा. दाराचे बहुतेक भाग नुसते देखाव्याचे, त्यातले दोनच पॅनेल उघडतात. एकेका खिडकीमागे एकाहून जास्त खोल्या, आणि मधल्या भिंती बाहेरून दिसू नयेत म्हणून काचा किंचित फुगीर. छतावरचे कलश म्हणजे धुराडी. आणि १२पैकी चार खांब पोकळ, त्यांत साखळ्या सोडलेल्या, पावसाचं पाणी त्यांतून खाली.

प्रश्न असा की हे जमवलं कसं, आणि अडीचशे वर्षांत त्याने काय काय त्रास दिला असेल?

----

ओळंबा | मंगळवार, रात्री १०:२५

जमवलं कसं याचं अर्धं उत्तर डोरिकच्या हिशेबात आहे.

खांबाचा खालचा व्यास म्हणजे दोन मॉड्यूल. चेंबर्सने १७५९च्या आपल्या ग्रंथात जी मापं धरली त्यांत डोरिक खांबाची उंची आठ व्यास, म्हणजे १६ मॉड्यूल. त्यावरचा आडवा पट्टा उंचीच्या एक चतुर्थांश, म्हणजे ४ मॉड्यूल. त्या पट्ट्यात आलटून पालटून दोन गोष्टी येतात. एक त्रिग्लिफ, उभ्या खाचांचा ठोकळा, रुंदी १ मॉड्यूल. दुसरी मेटोप, चौरस जागा, रुंदी दीड मॉड्यूल. इथल्या मेटोपमध्ये बैलांच्या कवट्या आणि तबकड्या कोरल्यात.

आता गंमत बघा. प्रत्येक खांबाच्या मध्यावर एक त्रिग्लिफ यायलाच हवा आणि मेटोप चौरसच हवा. म्हणजे दोन खांबांच्या मध्यरेषांमधलं अंतर अडीच मॉड्यूलच्या पटीतच येऊ शकतं. उदाहरणादाखल व्यास ६० सेंमी धरा. मॉड्यूल ३०, त्रिग्लिफ ३०, मेटोप ४५. खांबांचं अंतर ७५, १५०, २२५, ३०० सेंमी यांतलंच. २४० करायचं म्हटलं तर एक तर मेटोप चौरस राहत नाही, नाहीतर त्रिग्लिफ खांबावरून सरकतो. दोन्ही गोष्टी खालून लगेच डोळ्यांत खुपतात, कारण डोळा त्या पट्टीवर रांगेने फिरतो.

साध्या चौकोनी इमारतीत हे चार कोपऱ्यांवर सांभाळायचं. इथे नकाशा अधिकाच्या चिन्हासारखा, चारही भुजा सारख्या. बाहेर आलेले कोपरे, आत गेलेले कोपरे, सुटे खांब. प्रत्येक वळणावर हिशेब पुन्हा जुळवावा लागतो. त्यामुळे बाहेरचं जाळं एकदा ठरलं की आतल्या माणसाला एक इंचही मागता येत नाही. खोल्यांची मापं जी उरतील ती. म्हणून आतल्या काही भिंती विनाकारण जाड वाटतात आणि काही दारं नुसती समोरासमोर जोडी जुळावी म्हणून काढलेली खोटी दारं आहेत.

आणि हे सगळं चेंबर्सने आयर्लंडमध्ये पाऊल न टाकता केलं. लंडनहून नमुने आणि सूचना जायच्या, डब्लिनमध्ये सायमन व्हिएरपिल नावाचा शिल्पकार काम करून घ्यायचा. त्याला चार्लमॉन्टनेच रोमहून आणलं होतं. अशा दूरच्या कामाला लहान प्रमाणातला नकाशा पुरत नाही. गलत्यांचे, म्हणजे दगडात कोरलेल्या काठपट्ट्यांचे, खऱ्या मापाचे छेद काढावे लागतात, त्यावरून पत्र्याचे साचे कापायचे, आणि पाथरवटाने प्रत्येक दगडाच्या दोन्ही टोकांना साचा लावून मगच मधलं काढायचं. साचा एकाच टोकाला लावला की सांध्यावर गलत्याची रेघ तुटते. कॅसिनोचे सांधे बघितले तर हे कष्ट दिसतात.

----

ओसरी | मंगळवार, रात्री ११:०२

छान धागा. पण मला ही इमारत कधीच पटलेली नाही. पावसाचं पाणी दगडाच्या पोटातून न्यायचं हा हट्ट कशासाठी? आपल्याकडच्या वाड्यात कौलांचा उतार, पुढे आलेला छज्जा, अंगणात पडणारी पागोळी. पाणी भिंतीपासून हातभर लांब पडतं आणि डोळ्यांसमोर पडतं. गळलं तर त्याच दिवशी कळतं. खांबाच्या आत गळलं तर नातवाला कळणार.

----

पागोळी | बुधवार, सकाळी ७:५०

ओसरी, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण आधी आकडे बघू.

छताचं क्षेत्र जास्तीत जास्त १५ मी × १५ मी, २२५ चौमी धरू. खरं त्याहून कमी, कारण चिन्हाचे कोपरे कापलेले आहेत. डब्लिनचा वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बारीक आणि वर्षभर. जोराची सर तासाला ७५ मिमी धरली तर सेकंदाला ४.७ लिटर. चार खांबांत वाटलं तर प्रत्येकी सुमारे १.२ लिटर.

उभ्या नळाची कुवत याच्या कितीतरी वर असते. पाणी अडतं ते तोंडाशी. हिशेबापुरतं तोंड ७५ मिमी व्यासाचं धरा: तोंडाभोवती साधारण २५ मिमी पाणी चढलं की सेकंदाला सव्वा लिटर आत जातं. म्हणजे सगळं साफ असताना पन्हळीत बोटभरच पाणी. आता अर्धं तोंड पानांनी अडलं की तेच पाणी जायला ३८ मिमी चढावं लागतं. दोन खांब पूर्ण बंद आणि उरलेले दोन अर्धे बंद झाले की ६० मिमी. शिशाच्या पन्हळीत दोन पत्र्यांमधली पायरी ५० ते ६० मिमीची असते. त्याच्या वर पाणी गेलं की ते पायरीच्या घडीतून मागे, पत्र्याखाली शिरतं. तिथून लाकूड, मग गिलाव्याचं छत. बागेत झाडं आहेत हे विसरू नका. ऑक्टोबरातली चार दिवसांची पानगळ हे सगळं घडवायला पुरेशी आहे.

आपल्या कोकणपट्टीत तासाला १५० मिमी धरलं तर प्रत्येक खांबाला २.३ लिटर. तोंड साफ असेल तर ३७–३८ मिमी पाण्यात तेही निघतं. म्हणजे गणितात रचना कमी पडत नाही. ती कमी पडते ती झाडू घेऊन वर जाणारा माणूस नसेल तर.

----

कच्चा_आराखडा | बुधवार, सकाळी ८:३०

साखळी कशाला पण? पोकळ खांबातून पाणी तसंच पडलं असतं की.

----

पागोळी | बुधवार, सकाळी ९:१०

तसंच सोडलं तर पाणी भोकाच्या भिंतीवर आपटत, उडत खाली येतं. खांब एकसंध नसतो, एकावर एक ठेवलेल्या दगडी गोलांचा असतो. म्हणजे दर दोन-अडीच फुटांवर आडवा सांधा. भिंतीला चिकटून येणारं पाणी प्रत्येक सांध्यावर थबकतं आणि चुन्यात मुरतं. साखळी मधोमध लोंबत असली की पाणी कड्यांना धरून उतरतं, भिंत बरीचशी कोरडी राहते. वेग मोडतो म्हणून तळाच्या दगडावर मार कमी. आवाजही कमी, आणि शेजारच्या खिडकीत चहा घेत बसलेल्या अर्लसाहेबांसाठी ते महत्त्वाचं असणार.

साखळीने सगळं सुटत नाही. तीन गोष्टी बिघडतात. कड्या गंजून तुटतात आणि खाली साचून तळाचं तोंड बंद करतात. साखळी एका बाजूला सरकली की पाणी नेमकं एकाच रेषेत भिंतीवर येतं, त्या रेषेत बाहेरून हिरवट पट्टा दिसू लागतो. आणि तिसरी, सगळ्यांत वाईट: तळ तुंबलेला असताना हिमपात. पाण्याचं बर्फ होताना आकारमान ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं. बंद दगडी नळात ते कुठे जाणार? खांब उभा तडकतो. डब्लिन समुद्रकाठी असल्याने कडक थंडी थोडी, पण हिवाळ्यात एक रात्र पुरते.

----

घिसाडी | बुधवार, दुपारी १:१५

पाण्यावर बोलताय तर लोखंडावर बोलायलाच हवं.

त्या काळच्या घडीव कामात दगड दगडाला लोखंडी आकड्यांनी जोडायची सर्रास पद्धत होती. दोन दगडांत खाच, त्यात इंग्रजी यू अक्षरासारखा आकडा, वरून वितळलेलं शिसं. शिसं नीट भरलं असेल तर लोखंडाला हवा लागत नाही आणि शतकं निघतात. ओतताना खाच ओली असेल तर वाफ होऊन शिशात पोकळ्या राहतात, आणि पाणी पुढे तीच वाट धरतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं. मऊ चुनखडी दगड तो दाब सहन करत नाही, कडेचा कपचा उडतो. सगळ्यांत आधी उडतात ते सुटे, वर आलेले भाग: कलशांच्या बैठका, कठड्याचे कोपरे, पुतळ्यांचे पाय.

दुरुस्तीचा क्रम असा. आधी धातुशोधकाने आकड्यांच्या जागा शोधून दगडावर खडूने खुणा. ज्या दगडाला तडा नाही आणि सांधा कोरडा आहे त्याला हात लावायचा नाही, केवळ आत लोखंड आहे म्हणून निरोगी दगड फोडू नये. जिथे तडा आहे तिथे सांधा बारीक करवतीने मोकळा करून आकडा काढायचा. फटके मारून उपटायचा नाही. नवा आकडा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा. उडालेल्या कपच्याच्या जागी त्याच दगडाचा तुकडा, कडा काटकोनात कापून, शक्यतो त्याच थरातला. खाणीत दगड जसा आडवा पडलेला असतो तसाच बसवायचा, थर उभे करून बसवला की पापुद्रे सुटतात. सांधा चुन्याचा, एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धारदार वाळू. सिमेंट अजिबात नको. सिमेंटचा सांधा दगडापेक्षा कठीण आणि कमी झिरपणारा, मग पाणी सांध्याऐवजी दगडातून बाहेर येतं आणि क्षार दगडाच्या कडा खातात.

मुंबईतल्या पोरबंदर दगडाच्या जुन्या इमारतींवर हेच दुखणं आहे. तोही चुनखडीचाच प्रकार, वर समुद्राची खारी हवा, आणि मध्ये कधीतरी मारलेलं सिमेंट. लोणा आणि कपचे दोन्ही एकत्र दिसतात.

----

ओळंबा | बुधवार, दुपारी २:४०

घिसाडी यांच्या मुद्द्याला जोड. पोर्टलंड दगडावर काळं आणि पांढरं असे दोन भाग पडतात. जिथे पाऊस धुतो तिथे पांढरा, दर वर्षी किंचित झिजतो. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे पट्ट्याच्या खालच्या बाजूला, कवट्यांच्या खोबणीत, तिथे कोळशाच्या धुरातल्या गंधकाने चुनखडीचं जिप्सम होतं आणि त्यात काजळी अडकते. ती काळी साल दिसते घाणीसारखी, पण तिच्यात दगडाचाच वरचा थर असतो. वाळूच्या माऱ्याने काढली की कोरीवकाम घेऊनच निघते. पाण्याच्या बारीक फवाऱ्याने तासन् तास मऊ करून किंवा लगदा लावून काढतात. फवारा चालू असताना आत सतत ओल तपासायची, नाहीतर बाहेर चकाचक आणि आत छताला बुरशी.

आणि सगळं पांढरं करायचा अट्टहास नकोच. सावलीतला काळेपणा थोडा राहिला तर कोरीवकाम उठून दिसतं, असं माझं मत.

----

तावदान | बुधवार, संध्याकाळी ६:०५

काचांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

फुगीर काच भिंत झाकते कशी? साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत येतो, दोन्ही मिळून ८. आकडा छोटा वाटतो. पण दिवसा बाहेरचं आकाश आतल्या भिंतीच्या कित्येक पट उजळ असतं, त्यामुळे ८ टक्के आकाशसुद्धा आतल्या दृश्यावर मात करतं. काच सपाट असेल तर प्रतिबिंब एका विशिष्ट कोनातूनच आड येतं, दोन पावलं सरकलात की आतलं दिसतं. बाहेरच्या बाजूला फुगवलेलं तावदान बहिर्गोल आरशाचं काम करतं. बघणारा कुठेही उभा असो, प्रत्येक तावदानात त्याला आकाशाचा तुकडा मिळतोच.

त्या काळी क्राउन पद्धतीची काच करत. फुगा फुंकून, दांड्यावर गरागरा फिरवून त्याची थाळी करायची आणि तिच्यातून तावदानं कापायची. तिला मुळातच थोडा बाक असतो. इथे तो मुद्दाम वापरलाय.

पण एकट्या काचेवर भागत नाही. आतली आडभिंत खिडकीला येऊन भिडते तिथे तिची कड खिडकीच्या उभ्या लाकडी पट्टीच्या बरोबर मागे यायला हवी. भिंत पट्टीहून जाड असेल तर शेवटचे काही इंच निमुळते करायचे आणि कडेला गडद रंग द्यायचा. पांढरा रंग दिलात की सगळं उघडं पडतं. संध्याकाळी आत दिवे लागले की खेळ उलटतो. आत उजेड, बाहेर अंधार, मग सगळ्या भिंती स्पष्ट. त्यासाठी आतून लाकडी झडपा.

दुरुस्तीत घात होतो तो इथे. फुटलेल्या तावदानाऐवजी आजची सपाट फ्लोट काच बसवली की त्या एका चौकटीतून आतली भिंत दिसते आणि शेजारच्या तावदानांचंही सोंग उघडं पडतं. नवी काच साच्यावर ठेवून भट्टीत वाकवून घ्यावी लागते. शिल्लक जुन्या तावदानाचा बाक आधी मोजायचा: कडेवर सरळपट्टी धरून मध्यावरची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी). दोन-तीन मिलिमीटरचा बाकही पुरतो. काच बसवायची लांबी (पुट्टी) अळशीच्या तेलाची. सिलिकॉन लावलं तर पुढच्या वेळी काच काढताना फुटते.

----

ओसरी | बुधवार, रात्री ८:२०

तावदान, हे वाचून माझा आक्षेप थोडा बदलला, गेला नाही. फसवायचं असेल तर खिडकीत फसवा, तिथे बिघडलं तर एक काच बदलते. पाण्याच्या वाटेत फसवणूक नको. बागेतल्या वास्तूत पाणी दाखवायचं असतं. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या हयातबख्श बागेत सावन आणि भादों हे दोन संगमरवरी मंडप समोरासमोर आहेत. पाण्याचा पडदा पडतो त्याच्या मागे भिंतीत छोटे कोनाडे, दिवसा फुलं ठेवायला आणि रात्री दिवे लावायला. मंडपाचं सगळं सौंदर्य पाणी उघडं असण्यात.

----

गुण्या | बुधवार, रात्री ९:००

ओसरी, ते कारंज्याचं पाणी, हौसेने आणलेलं. इथला प्रश्न छतावरच्या नको असलेल्या पाण्याचा. सावन-भादोंच्या छतावरचं पावसाचं पाणी कोणी पडद्यात मिसळत नव्हतं.

त्याच काळातलं जवळचं उदाहरण स्कॉटलंडमधलं डनमोरचं अननस. १७६१ची बागेतली वास्तू, वर साधारण १४ मीटर उंचीपर्यंत जाणारा दगडी अननस. तिथे प्रत्येक दगडी पान स्वतंत्रपणे निथळेल असं घडवलंय, वरच्या पानाचं पाणी खालच्या पानाच्या खोबणीत साचत नाही. म्हणून गोठून पानं फुटली नाहीत. पाणी पूर्ण उघडं, तरी कुठे पन्हळ दिसत नाही. धुराडी मात्र तिथेही कलशांच्या रूपात आहेत. तेव्हा कलश हा सर्वमान्य तोडगा होता, पोकळ खांब ही चेंबर्सची पुढची उडी.

चेंबर्सकडे असल्या कल्पना येतात त्याला त्याचं आयुष्यही कारण असावं. जन्म स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा, तरुणपणी स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर बंगाल आणि चीन पाहिलेला. लंडनच्या क्यू बागेतला दहा मजली पॅगोडा त्याचाच, १७६२चा. कॅसिनोचा नकाशाही मुळात वेगळ्या कामासाठी होता: इंग्लंडमधल्या हेअरवुडसाठी त्याने केलेल्या मोठ्या हवेलीच्या आराखड्यातला टोकाचा मंडप. तो आराखडा बांधला गेला नाही, मंडप सुटा करून डब्लिनला गेला.

----

घिसाडी | बुधवार, रात्री ९:४५

कलश-धुराड्यांचा विषय निघालाच आहे तर. दगडी कलश धुराडं म्हणून चालतो, पण त्याचं आतलं तोंड अरुंद असतं, आणि खालून एकाहून जास्त शेकोट्यांचे नळ एका कलशात आणले तर ओढ कमी पडते. एक शेकोटी पेटवली की धूर दुसरीतून खोलीत येतो. प्रत्येक शेकोटीचा नळ शेवटपर्यंत वेगळा ठेवायचा, मधल्या पडद्या पडू द्यायच्या नाहीत.

खरा त्रास शेकोट्या बंद झाल्यावर सुरू होतो. जळत असताना नळ सुकत होता. आता वरून पाऊस, आत जुनी काजळी. काजळीतले क्षार ओल ओढतात आणि खोलीतल्या गिलाव्यावर तपकिरी डाग येतात, कितीही रंगवा. लोक वरून तोंड पक्कं बंद करतात, तेही चुकीचं. आत कोंडलेली ओल कुठे जाणार? वरून पावसाला आडोसा पण हवेला वाट, आणि खाली शेकोटीच्या तोंडाला जाळी. हवा खालून वर वाहती राहिली पाहिजे.

छतावरच्या शिशाबद्दलही दोन ओळी. शिसं उन्हात वाढतं: अडीच मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. खिळ्यांनी दोन्हीकडून बांधला की तो फुगतो, आकसतो, शेवटी फाटतो. ७ क्रमांकाचा पत्रा, जाडी ३ मिमीपेक्षा थोडी जास्त, पन्हळीत अडीच मीटरपेक्षा लांब तुकडा नको, उतार किमान ८०ला १. बारक्या इमारतीत लांबी कमी म्हणून एकाच तुकड्यात बसवायचा मोह होतो. तिथेच फाटतं. आणि पत्र्याखालची हवा कोंडली तर खालच्या बाजूने पांढरी भुकटी पडत जाते, वरून काहीच दिसत नाही. खाली ५० मिमीची हवेशीर पोकळी ठेवली तर हे टळतं, पण इथे कठड्याची उंची ठरलेली. ५० मिमी वर घेतले तर छत बाहेरून दिसू लागतं. पुन्हा ओळंबा यांचं जाळं आडवं येतं.

----

कच्चा_आराखडा | गुरुवार, सकाळी १०:१५

मोजणीचा अभ्यास करतेय म्हणून विचारते. अशा इमारतीत लपलेल्या पोकळ्या नकाशावर कशा शोधायच्या? आणि भुयारांचं काय? कुठेतरी वाचलं की तिथे भुयारं आहेत.

----

ओळंबा | गुरुवार, दुपारी १२:३०

ताई, बाहेरचा आणि आतला नकाशा दोन वेगळ्या इमारती समजून मोजायचे. आधी बाहेर एक समपातळी ठरवा, सगळ्या कोपऱ्यांवर त्याच उंचीवर खुणा. चौथऱ्याचे दोन्ही कर्ण मोजा, ते जुळले तरच चौरस. मग खांबांच्या मध्यरेषा. खांब तळाशी फुगीर कडीवर बसतो, तेव्हा फीत कडीला नाही, कडीवरच्या दंडाला लावायची, आणि व्यास घेराला ३.१४ने भागून काढायचा.

आत प्रत्येक खोलीच्या चार भिंती आणि दोन कर्ण. एका खोलीतून दुसरीत जाताना दाराच्या चौकटीतून भिंतीची जाडी मोजून जोडत जायचं. तीच पातळी खिडकीतून आत आणायची, तिन्ही मजल्यांवर.

मग दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवायचे. भिंतीची जाडी जिथे दोन-सव्वादोन फूट येते ती भिंत. जिथे चार-पाच फूट येते तिथे काहीतरी आहे: जिना, धुराड्याचा नळ, किंवा खोट्या दारामागचं कपाट. अशा जागा तिन्ही मजल्यांवर उभ्या जुळतात का बघा. तिन्हींवर जुळली तर धुराडं किंवा पाण्याचा नळ. एकाच मजल्यावर असेल तर बहुधा रुंदी जुळवायला सोडलेली पोकळी. छेद काढताना मजल्यांच्या उंचीची बेरीज बाहेरच्या उंचीशी ताडा, जो फरक उरेल तो छताच्या आतल्या पोकळीचा.

जमिनीवर काही मोजताना तिथल्या लाकडी जडावाच्या फरशीला जपायचं. वेगवेगळ्या रंगांच्या दुर्मीळ लाकडांचे पातळ तुकडे आहेत. तिपाईला खाली रबरी बूट हवेतच.

----

गुण्या | गुरुवार, दुपारी १:१०

भुयारं आहेत, आठ, आणि त्यांतली बरीचशी अर्धवट. एक लांब भुयार मुख्य घराकडे, म्हणजे मरिनो हाउसकडे जायचं, म्हणजे नोकरमाणसांची ये-जा बागेतून दिसू नये. घर १९२०च्या दशकात पाडलं गेलं आणि त्या जमिनीवर वसाहत झाली. आयरिश नेता मायकेल कॉलिन्स आणि मंडळींनी स्वातंत्र्ययुद्धात इथल्या भुयारात थॉम्सन बंदुकांची चाचणी घेतली असंही सांगतात. कॅसिनो १९३०च्या दशकात सरकारी देखभालीत आला, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर १९८४मध्ये लोकांसाठी खुला झाला.

अवांतर: इमारतीचं छत समुद्र बघण्यासाठीही होतं. चार्लमॉन्टशी बिनसलेल्या एकाने मधल्या जागेवर घरांची अर्धवर्तुळाकार रांग मुद्दाम उभी केली आणि बागेतून दिसणारा समुद्र अडवला. मरिनो क्रेसेंट ती हीच. ड्रॅक्युलाचा लेखक ब्रॅम स्टोकर १८४७ साली तिथेच जन्मला.

----

ओसरी | गुरुवार, दुपारी ३:३०

मग शेवटचं विचारतो. खांबाच्या आत गळतं की नाही हे खांब न फोडता कळणार कसं? माझा सगळा आक्षेप तिथेच आहे.

----

पागोळी | गुरुवार, संध्याकाळी ५:४५

कळतं, आणि दोन दिवसांचं काम आहे. कोरडा आठवडा निवडा.

पहिल्या दिवशी पन्हळ झाडून घ्या. पाण्याच्या तोंडावरची जाळी काढा, वरून विजेरी सोडून साखळी मधोमध आहे का आणि कड्या शाबूत आहेत का ते बघा. आता भोकात उतरणारा छोटा कॅमेरा सहज मिळतो, तो सोडला तर प्रत्येक आडव्या सांध्याचा फोटो मिळतो. खाली गाळाचं तोंड उघडून हाताला येईल ते सगळं काढा. गंजाचे तुकडे वेगळे ठेवून मोजा, त्यावरून साखळीची अवस्था कळते.

दुसऱ्या दिवशी एका वेळी एकच खांब. बाकी तिघांची तोंडं रबरी बुचाने बंद. सेकंदाला एक लिटर, म्हणजे बादलीभर पाणी दहा-पंधरा सेकंदांत, या वेगाने वीस मिनिटं पाणी सोडा. पाण्यात फ्लोरेसिन हा हिरवा रंग अगदी चिमूटभर. दगडावर डाग पडू नये म्हणून आधी त्याच जातीच्या सुट्या तुकड्यावर बघून घ्या. खाली निघणारं पाणी मोजून घ्या. वर बाराशे लिटर घातलं आणि खाली साडेअकराशे आलं तर पन्नास कुठे गेलं ते शोधायचं. अंधार पडल्यावर अतिनील दिवा घेऊन खांबाभोवती, चराच्या भिंतीवर आणि तळघराच्या आतून फिरा. गळत असेल तर सांध्याची रेघ चमकते.

सांधा गळत असेल तर तो बाहेरून भरून उपयोग नाही, पाणी आत अडतं आणि थंडीत तिथेच फोडतं. आतून शिशाचा किंवा तांब्याचा पातळ नळ उतरवायचा. भोकाहून १०–१५ मिमी कमी व्यासाचा, म्हणजे भोवती हवा राहील आणि नळ गळला तरी ते पाणी तळाशी वेगळ्या छिद्रातून दिसेल. साखळी त्या नळाच्या आत पुन्हा सोडायची. तळाचं छिद्र उघडं आहे की नाही हे माळ्याला दाखवून ठेवा, पानगळीत आठवड्यातून एकदा बघायला सांगा.